मेंढ्यांची कुत्री बघायला येताय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीनंतर आमच्या वावरात फिरत्या धनगरांच्या मेंढ्या खतासाठी बसायला येतात. काही वर्षांपूर्वी भाच्याने त्यांच्या कुत्र्यांचा एक व्हिडिओ टाकला आणि तेव्हापासून अमरावती-नागपूरकडची मंडळी विचारत असतात, 'आम्ही येऊ का बघायला?' या की. पण प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. निघायच्या आधी वाचा. निदान कुत्र्यांच्या स्वभावाचं तरी नक्की वाचा.

कुठे यायचं, आणि बघायला काय मिळतं?

वाशिम जिल्ह्यात, कारंजा-दारव्हा रस्त्यापासून थोडं आत आमचं वावर आहे. नागपूरहून समृद्धी महामार्गाने येत असाल तर कारंज्याला उतरायचं. शेवटची पांदण बैलगाडीसाठी झालेली आहे, तुमच्या कारसाठी नाही. अवकाळी पाऊस झाला असेल तर गाडी डांबरी रस्त्यावरच ठेवा आणि चालत या, नाहीतर काळ्या मातीतून ती काढायला माझा ट्रॅक्टर लागतो आणि माझी सकाळ जाते.

बघायला म्हणाल तर अडीचशेच्या आसपास मेंढ्या, थोड्या बकऱ्या, सामान वाहणारी दोन तट्टं, दोन कुटुंबं आणि तीन मोठी कुत्री: काळू, मोत्या आणि चंदी. खेळ नाही, शिट्टी वाजली की सुरू होणारा कार्यक्रम नाही. रोजचं काम चालू असतं, ते तुम्ही बाजूला उभं राहून बघायचं.

इंटरनेटवर बघतो तसं कुत्रं मेंढ्यांना घेरून आणतं का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त हिरमोडही इथेच होतो.

व्हिडिओत असतो तो बहुतेक वेळा बॉर्डर कोली. इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या सीमेवरच्या डोंगराळ भागातलं हे कुत्रं. त्या जातीचा मूळपुरुष मानला जाणारा ओल्ड हेम्प 1893 मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड भागात जन्मला. त्याच्याही आधी, 1873 मध्ये, वेल्समधल्या बाला गावी अशा कुत्र्यांची स्पर्धा भरली होती. म्हणजे दीडशे वर्षं लोक पैज लावून हे बघत आलेत, तुम्हालाही बघावंसं वाटलं तर नवल नाही.

त्या कुत्र्याची चाल नीट बघा. मान खाली, पोट जमिनीसरशी, नजर मेंढीवर रोखलेली, पाय एकेक करून पुढे. ही शिकाऱ्याची चाल आहे. लांडगा सावज हेरतो, दबा धरतो, पाठलाग करतो, मग चावतो. माणसाने पिढ्यानपिढ्या निवड करून कोलीत पहिल्या तीन गोष्टी वाढवल्या आणि शेवटची दाबून टाकली. मेंढीला वाटतं लांडगा आला, ती सरकते. मालक लांब उभा राहून 'कम बाय' म्हणाला की कुत्रं घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कळपाला वळसा घालतं, 'अवे' म्हणाला की उलट बाजूने. तिथे हे लागतं, कारण मेंढ्या डोंगरावर मोकळ्या सोडलेल्या असतात, दिवसचे दिवस माणूस त्यांच्याजवळ नसतो.

आमच्याकडे माणूस चोवीस तास मेंढ्यांसोबत असतो, त्यामुळे मेंढ्या त्याच्या हाकेवर चालतात. कुत्रं ठेवलंय ते राखणीला. त्याच्यात शिकाऱ्याची ती चाल जितकी कमी, तितकं ते कामाचं. मेंढीकडे रोखून बघणारं पिल्लू दिसलं तर धनगर ते ठेवतच नाही. म्हणजे ज्या गुणावर तिकडे बक्षीस मिळतं, त्याच गुणावर इकडे घरी पाठवतात. दोन्ही 'मेंढ्यांची कुत्री'च, पण कामं अगदी उलटी.

मग मेंढ्या हाकतं कोण?

मामा. कळपाच्या मालकाला आमच्या घरी सगळे मामाच म्हणतात, त्यांच्या घरधनीणबाईंना मामी. मामांच्या तोंडून तीन-चार आवाज निघतात. जीभ टाळूला लावून 'च्यक् च्यक्' केलं की कळप मागे येतो, लांबट 'हुर्रर्र' केलं की पांगलेल्या मेंढ्या एकत्र होतात. एक बसका घोगरा आवाज आहे, तो मी दहा वर्षं ऐकतोय पण मला काढता येत नाही. तो ऐकला की पुढची बकरी थांबते, आणि बकरी थांबली की सगळं थांबतं. मेंढ्यांच्या पुढे बकऱ्या कशाला, असंही विचारतात. मेंढी पुढचीच्या शेपटीकडे बघून चालते. कोणीतरी डोकं वर करून चालणारं पुढे लागतं.

थोडं शास्त्र सांगतो, इथे उभं राहताना तुमच्या कामाला येईल. मेंढीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे पाठीमागचा अगदी थोडा भाग सोडला तर तिला चौफेर दिसतं. तिच्याभोवती एक न दिसणारं रिंगण असतं. तुम्ही त्यात पाय टाकला की ती हलते, बाहेर आलात की थांबते. खांद्याच्या मागच्या बाजूने आलात तर पुढे जाते, खांद्याच्या पुढून आलात तर वळून मागे फिरते. कोली असो, मामा असोत की तुम्ही, नियम तोच.

दोन वर्षांपूर्वी एक पाहुणे चांगला फोटो मिळावा म्हणून पांदणीच्या तोंडाशी, ऐन वाटेत जाऊन उभे राहिले. पुढची बकरी थबकली, कळप वळला आणि शेजाऱ्याच्या घाटे लागलेल्या हरभऱ्यात घुसला. नुकसानभरपाई मी दिली. फोटो म्हणे छान आला होता.

म्हणजे कुत्री मेंढ्यांना अजिबात वळवत नाहीत?

वळवतात, पण तुम्हाला कळणार नाही अशी. संध्याकाळी कळप परत येतो तेव्हा एका बाजूला ओलिताचा गहू असतो, दुसऱ्या बाजूला वेचणी झालेली पऱ्हाटी, म्हणजे कापूस. पऱ्हाटीत मेंढी शिरली तर चालतं, उलट तिने उरलेला पाला खावा अशीच आमची इच्छा. गव्हात शिरली तर भांडण. काळू रोज गव्हाच्या धुऱ्यावरून चालतो. भुंकत नाही, पळत नाही. एखादीने मान गव्हात घातली की नुसता तिच्या आणि गव्हाच्या मधे येतो, खांदा लावतो आणि पुढे निघतो. मेंढी परत रांगेत.

कोणी शिकवलं, म्हणून मी मामांना विचारलं. मामा म्हणाले, "कोनी नाही शिकवलं. मी रोज तिकडून चालत होतो, थो माह्या मागं चाले. आता मी इकडून चालतो."

मोत्या मात्र यातलं काही करत नाही. त्याला गहू आणि पऱ्हाटी सारखीच.

आम्ही आलो तेव्हा कुत्री नुसती झोपली होती. आजारी होती का?

नाही हो. रात्रपाळी करून झोपली होती.

मी हरभऱ्याला जागलीवर असतो, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी, त्यामुळे यांचं रात्रीचं काम मला मचाणावरून दिसतं. एक रात्र सांगतो, पौष महिन्यातली. मेंढ्या वाघरीत बसलेल्या. वाघर म्हणजे मेखा ठोकून गोल ताणलेलं दोरीचं जाळं. त्याच्या बाहेर तीन बाजूंना तीन कुत्री, हनुवटी जमिनीला टेकवून. मी मामांना म्हणालो, तुमचा चौकीदार तर घोरतोय. मामा घोंगडीतूनच म्हणाले, "झोपलं नाही ते, बावा. आयकून रायलं."

तासाभराने काळूचा एक कान फिरला, फक्त कान. मग तो उठला, अंग झाडलं आणि नाल्याच्या दिशेने पंधरा-वीस पावलं जाऊन उभा राहिला. त्याच वेळी चंदी उठली आणि नाल्याकडे न जाता वाघरीला वळसा घालून बरोबर उलट बाजूला गेली. मोत्या जागचा हलला नाही, फक्त उभा राहिला. मग काळू भुंकला. ते नेहमीचं भुंकणं नव्हतं, छातीतून येणारं, थांबून थांबून होतं. मामांनी बॅटरी मारली. धुऱ्यावर दोन डोळे चमकले आणि विझले. वाघरीतल्या मेंढ्या उठून मधे गोळा झाल्या, पाच मिनिटांत परत बसल्या.

सकाळी पाण्याच्या दांडात पावलं होती. मला ती कुत्र्याचीच वाटली असती, मामा म्हणाले लांडगा. चंदी उलट्या बाजूला का गेली, तर मामांचं म्हणणं, लांडगा एकटा आला तरी एकटा समजायचा नाही. एक समोर दिसतो, तिन्ही कुत्री त्याच्यामागे लागली की दुसरा मागून कोकरू उचलतो.

हे बघायचं असेल तर एक रात्र मुक्काम करा. घोंगडी देऊ, गादी नाही. आणि काही घडेलच असं नाही. दहातल्या नऊ रात्री फक्त कान फिरतात.

ही कोणत्या जातीची कुत्री?

जातीचं नाव नाही. धनगरी कुत्रं म्हणतात, बस. कमरेला जाड, पाय उंच, केस आखूड. काळूच्या आजीकडून थोडं कारवानी रक्त आलंय असं मामा सांगतात, ते त्याच्या निमुळत्या तोंडावरून पटतंही. पण कारवानी हे दख्खनचं नजरेने शिकार करणारं, वेगाचं कुत्रं, आणि ते रक्त जास्त झालं की राखण सोडून सशामागे जातं.

मोत्याच्या गळ्यात लाकडाचा ओंडका लटकलेला दिसेल. 'गळ्यात लोढणं' आपण बोलताना नेहमी म्हणतो, ते हे खरंखुरं लोढणं. मोत्या पळायला लागला की ते पुढच्या पायांवर आपटतं, म्हणून तो ससा दिसला तरी विचार करतो. क्रूरपणा आहे का, असं विचारणाऱ्या ताईंना मामांनी सांगितलं की डांबरी रस्त्यावर ट्रकखाली गेलेला त्याचा भाऊ आठवतो तेव्हा लोढणं बरं वाटतं. मला स्वतःला ते फार आवडत नाही. पण राखण मामांची, कुत्रं मामांचं.

पिल्लाला तयार कसं करतात?

मेंढ्यांत वाढवून. पिल्लाचं वय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत असतं तेव्हा ते ज्यांच्यात राहील त्यांना आपलं मानतं. मामी नेमक्या याच काळात पिल्लांना कोकरांच्या डालग्याशेजारी ठेवतात. कळप चरायला जातो तेव्हा लहान कोकरं तळावर डालग्याखाली झाकलेली असतात, पिल्लं त्या डालग्याला टेकून झोपतात, आतून येणारा वास हुंगतात, आईच्या दुधाचा वास लागलेली कोकरांची तोंडं चाटतात. पिल्लाने कोकराचा कान धरून ओढला की मामी एक चापट देतात. एखादी व्यालेली मेंढी त्याहून जोरात देते, डोक्याने.

या वयात पिल्लाला उचलून, कुरवाळून, बिस्किटं घालून माणसाळवायचं नसतं. म्हणून मुलांना सांगा, पिल्लं बघायची, उचलायची नाहीत. फार लाडावलेलं पिल्लू मोठं झाल्यावर मेंढ्या सोडून चुलीजवळ येऊन बसतं.

कुत्रं अंगावर आलं तर काय करायचं?

पळायचं नाही. उभं राहायचं, हात खाली, नजर बाजूला, आणि मामांना हाक मारायची. त्यांनी "ए, आपले हायेत" म्हटलं की कुत्रं बाजूला होतं. हाक न मारता वाघरीजवळ जायचंच नाही, दिवसासुद्धा. रात्री तर मीही माझ्याच वावरात आधी खाकरतो, मग जातो.

चावलंच, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. लगेच सरकारी दवाखान्यात जायचं आणि रेबीजच्या लसीचे सगळे डोस पूर्ण करायचे, एक घेऊन सोडून द्यायचं नाही. रेबीज एकदा दिसायला लागला की जवळपास कोणी वाचत नाही. या तिन्ही कुत्र्यांना दरवर्षी लस टोचलेली असते, तरीही डॉक्टरांकडे जायचं.

आमचा लॅब्रॅडॉर आणला तर चालेल?

नाही. गाडीत ठेवला तरी नाही.

कुत्र्यांना खायला काय आणू?

ज्वारीचं पीठ आणा, मामींच्या हातात द्या. त्या भाकरी करून ताकात कुस्करून घालतात, तेच त्यांचं जेवण. चॉकलेट, केक, कोंबडीची हाडं आणू नका.

मांसाबद्दल मात्र जरा सविस्तर सांगतो, कारण मेंढ्या-बकऱ्या पाळणाऱ्या गावात हे सगळ्यांना माहीत असायला हवं. मेंढी कापली की डोकं, काळीज, फुप्फुस यातलं नको ते कच्चंच कुत्र्याकडे फेकायची सवय आहे. त्यातल्या गाठींत पट्टकृमीची पिल्लं असतात. ती कुत्र्याच्या आतड्यात मोठी होतात, अंडी विष्ठेतून गवतावर पडतात, ते गवत मेंढी खाते. एका जातीच्या कृमीची गाठ मेंढीच्या मेंदूत होते. मग मेंढी मान वाकडी करून एकाच बाजूला गोल गोल फिरत राहते, कळपातून मागे पडते आणि मरते. गावात म्हणतात बाहेरचं लागलं. बाहेरचं काही नाही, गिड नावाचा रोग आहे. दुसऱ्या एका कृमीच्या पाण्याच्या गाठी काळजात आणि फुप्फुसात होतात, आणि त्या माणसालाही होतात. कुत्र्याच्या अंगावरून हात फिरवून तसंच जेवायला बसलं तरी पुरे.

पहिल्या वर्षी मामांच्या दोन मेंढ्या अशाच फिरून मेल्या. पशुवैद्यक डॉक्टरांनी सांगितल्यापासून कुत्र्यांना दर तीन महिन्यांनी जंताची गोळी असते आणि कच्चं काही घातलं जात नाही, उकळून घालतात किंवा खोल पुरतात. तुम्हीही इथून निघताना हात साबणाने धुऊन मगच डबे उघडा.

लांडग्याला मारून का टाकत नाहीत?

एक तर कायद्याने गुन्हा आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्यात लांडगा पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या बरोबरीने. दुसरं, मामांनाच ते नको असतं. मेंढी गेली की वनखात्याला लगेच कळवायचं, पंचनामा होईपर्यंत मेलेलं जनावर हलवायचं नाही, मग भरपाईचा अर्ज. फिरत्या माणसाला हे जड जातं. कागद येईपर्यंत कळप दोन तालुके पुढे गेलेला असतो. म्हणून कुत्रं.

कधी यावं?

दिवाळीनंतर होळीपर्यंत. दिवस नक्की नसतो, सोयाबीन निघून वावर कधी मोकळं होतं त्यावर आहे. पहाटे पाचला येऊन थंडीत कुडकुडू नका. गवतावरचं दव उतरल्याशिवाय मेंढ्या बाहेर काढत नाहीत, ओल्या गवताबरोबर जंत पोटात जातात. नऊच्या सुमारास वाघर उघडते, ते बघा. मग घरी जेवा, आणि चारनंतर परतीच्या वाटेवर उभे राहा. पण पांदणीच्या तोंडाशी नाही.

एप्रिल-मेमध्ये विचारू नका. विदर्भातला उन्हाळा तुम्हाला सांगायला नको, आणि मामा तोवर गेलेले असतात.

ड्रोन उडवू का?

नाही. मागच्या हिवाळ्यात एकाने न विचारता उडवला. मेंढ्यांच्या लेखी वरून येणारी घोंघावणारी वस्तू म्हणजे संकटच. सगळ्या एका कोपऱ्यात दाटल्या, वाघर तुटली आणि खाली आलेली दोन कोकरं दबून मेली. कुत्री आभाळाकडे बघून भुंकत राहिली. आभाळातल्या शत्रूशी लढायचं त्यांना कोणी शिकवलेलं नाही.

तुम्हाला यातून काय मिळतं? तिकीट आहे का?

तिकीट नाही. मला खत मिळतं. रात्री मेंढ्या जिथे बसतात तिथे लेंडी आणि मूत दोन्ही जमिनीत जातं, दर एक-दोन रात्रींनी वाघर पुढे सरकते आणि असं सगळं वावर होतं. शेणखताची ट्रॉली आणून पसरवायची मजुरी वाचते. बदल्यात मामांना धान्य आणि रोख, जे ठरेल ते. पुढच्या वर्षीच्या पऱ्हाटीकडे बघून मेंढ्या कुठवर बसल्या होत्या ते बोटाने दाखवता येतं.

फार्महाऊससाठी बॉर्डर कोली घ्यावा म्हणतोय. कसं?

मेंढ्या आहेत का? नसतील तर नको. दिवसभर काम मागणारं कुत्रं आहे. काम नसलं की ते मुलांना, कोंबड्यांना, मोटरसायकलींना घेरायला लागतं. वर दाट केस आणि आपला मे महिना.

मग तुमच्याकडचं धनगरी पिल्लू मिळेल का?

मामा विकत नाहीत, ओळखीच्या मेंढपाळाला देतात. शिवाय कुत्र्याचं त्यांच्याकडे वेगळंच मानपान आहे. खंडोबाच्या तसबिरीत घोड्यासोबत कुत्रं असतंच, त्यामुळे सौदा करणं त्यांना बरं वाटत नाही.

एक पिल्लू मात्र आमच्याकडे आहे, विकत न घेतलेलं. गेल्या माघात चंदी व्यालेली असताना तळ हलला, सामान तट्टांवर चढलं, आणि एक पिल्लू पऱ्हाटीच्या ढिगात राहून गेलं. आम्हाला दोन दिवसांनी सापडलं, तेव्हा ते जेमतेम महिन्याचं होतं. गोठ्यात ठेवलं, वासराच्या अंगाला लागून झोपायचं. आता चांगलं थोराड झालंय. रात्री गोठ्याच्या दारात हनुवटी टेकवून पडतं, एक कान उभा. वासराजवळ परक्याला फिरकू देत नाही.

या दिवाळीनंतर मामांचा कळप आला तेव्हा आम्हाला वाटलं, आईला ओळखेल, मेंढ्यांत मिसळेल. ते गोठ्याच्या दारात आडवं उभं राहिलं आणि अडीचशे मेंढ्यांवर छातीतून, थांबून थांबून भुंकत राहिलं. चंदीवरसुद्धा.